तुम्ही विचारलंत म्हणून: बोलताना मी मध्येच का थांबते

"नऊ वर्षं झाली ना तुला लिस्बनला? मग पोर्तुगीज बोलताना अजून क्रियापदापाशी अडखळतेस कशी?" हा प्रश्न फोंड्याहून येणारे नातेवाईक विचारतात, इथे नव्यानं आलेली मराठी मुलं विचारतात, आणि नागरिकत्वासाठी भाषेची ए-टू पातळीची परीक्षा द्यायला निघालेले तर हटकून विचारतात. आजवर "सवय नाही हो" म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटं होतं. वृद्धांच्या निवासात दिवसाचे आठ तास मी याच भाषेत लोकांना उठवते, न्हाऊ घालते, जेवू घालते. अडखळणं वेगळं. मी थांबते, मुद्दाम थांबते.

"गोव्याची ना तू, मग घरातच असेल की पोर्तुगीज," हेही एकदाचं मिटवू. आमच्या घरात मराठी आणि कोंकणी. पोर्तुगिजांची राहिली ती नामं: जनेल म्हणजे खिडकी, कदेल म्हणजे खुर्ची. तुमच्याही घरात आहेत, बटाटा, पाव, चावी. क्रियापद मात्र एकही घरात आलं नाही, आणि सगळी गोम क्रियापदात आहे.

मराठीत माणूस मुळात उठतो. दुसऱ्याला करायला लावायचं असेल तर आपण 'व' घालतो: उठवतो, बसवतो, निजवतो. पोर्तुगीजचा हिशेब नेमका उलटा. लेव्हांतार म्हणजे मुळातच उठवणं, कुणाला तरी वर करणं. स्वतः उठायचं तर शेपूट लावायचं: लेव्हांतार-से. सेंतार बसवणं, सेंतार-से बसणं. देइतार निजवणं, देइतार-से निजणं. हे शेपूट माणसागणिक बदलतं. मी असेन तर मे, तू तर ते, ती असेल तर से. वाक्यात 'नाही'चा 'नांउ' आला की तेच उठून क्रियापदाच्या आधी जाऊन बसतं. आणि लिस्बनची माणसं त्या 'से'मधला स्वर गिळून टाकतात, कानाला नुसता एक 'स्' लागतो. तोही लागला तर.

वर्गात आम्हाला याचं भाषांतर 'स्वतःला' असं शिकवलं गेलं. 'मी स्वतःला उठवते' असं आपल्यात कोण म्हणतं? 'उठवणं विरुद्ध उठणं' एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी मला पुरलं असतं. त्यात माझी खोलीतली सोबतीण ब्राझीलची. त्यांच्याकडे बोलताना हे शेपूट आधी येतं, नाही तर सर्रास गळतं. तिचं ऐकून मीही गाळायला लागले. तेव्हा कुणी चूक काढली तर मी ताडकन म्हणायची, "समजल्याशी कारण." ती मी मला आज समोर हवी आहे. समजल्याशी कारण, हे बरोबरच आहे गं. पण काय समजलं, हे तू कधी विचारलंस?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रात्रपाळीला आम्ही दोघी, मी आणि केप व्हर्देची एक माझ्याच वयाची बाई. मला चादरीचे कोपरे कसे खोचायचे इथपासून सगळं तिनं शिकवलं होतं. पहाटे तीनच्या सुमारास एका आजींच्या खोलीतून आवाज आला. ती आधी धावली, मी मागून. आजी उठायला गेल्या होत्या, पलंगाच्या लोखंडी कडेला नडगी घासून कातडी फाटली होती. वय झाल्यावर कातडी कागदासारखी होते, नुसत्या घासण्यानं उघडते. चार टाके पडले.

नोंदवहीत मला लिहायचं होतं: सहकारी आधी खोलीत गेली. आजी उठल्या, पायाला लागलं. त्याच आठवड्यात वर्गात 'तिला'साठी 'आ' कसा जोडायचा ते झालं होतं. शेपटाची जागा मोकळी सोडायची नाही एवढं डोक्यात होतं, म्हणून मी 'से'च्या जागी 'आ' जोडला. 'लेव्हांतोउ-आ, मागोउ-आ.' पोर्तुगीजमध्ये कर्ता सांगावा लागत नाही, मागच्या वाक्यातला पुढे चालतो. त्यामुळे वहीत उमटलं ते असं: सहकारी खोलीत गेली. तिनं त्यांना उठवलं, तिनं त्यांच्या पायाला दुखापत केली.

ते वाक्य सकाळी आजींच्या मुलीनं वाचलं. दुपारी मला बोलावलं गेलं. संचालक बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "कुणी उठवलं?" मला ऐकू आलं 'कोण उठलं'. मी म्हणाले, "एला." एला म्हणजे ती. मराठीत आजींना मी 'त्या' म्हणाले असते आणि मैत्रिणीला 'ती', तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पोर्तुगीजमध्ये दोघी एलाच. माझी मैत्रीण दाराशी उभी होती. तिच्या हातात तिची घडी केलेली अ‍ॅप्रनची पिशवी होती, ती तिनं छातीशी धरली. काही बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी अजून काय म्हणणार याची वाट बघत. आणि मला वाटत होतं की सगळं नीट चाललंय.

गैरसमज उलगडायला तीन दिवस गेले. आजींना स्मृतिभ्रंश, त्यांची साक्ष कोण घेणार? शेवटी हातवारे करून, चित्र काढून मी सांगितलं, तेव्हा संचालक बाईंनी वहीतल्या दोन्ही 'आ'वर रेघ मारून 'से' लिहिलं. दोन अक्षरं. तोवर मैत्रिणीकडून लेखी खुलासा घेऊन झाला होता, तिची रात्रपाळी काढून झाली होती. मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, आणि त्यानंतर "बों दिया", म्हणजे नुसत्या नमस्कारापलीकडे माझ्याशी बोलली नाही. काही महिन्यांनी दुसरीकडे गेली.

गोष्ट इथवर मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे म्हणतात, "भाषेची चूक, तू काय करणार?" मीही तेच म्हणते. पण आता विचारलंतच म्हणून पुढचंही सांगते.

'से' लिहून वाक्य दुरुस्त झालं: मागोउ-से, त्यांना लागलं. व्याकरणानं निर्दोष. आपल्या 'ग्लास फुटला'सारखं, त्यात फोडणारा कुणी नसतो. लहानपणी मी तसं म्हटलं की आई विचारायची, "आपोआप?" त्या रात्री दोन वाजता आजींचं डायपर बदलायला पलंगाचा कठडा मी खाली केला होता. परत वर केला का? संचालक बाईंनी तेही विचारलं होतं. माझं उत्तर होतं, "नांउ मे लेंब्रु." मला आठवत नाही. तो 'मे' 'नांउ'नंतर, क्रियापदाच्या आधी, जिथे हवा तिथे बसला होता. त्या खोलीत माझं एवढं एकच वाक्य बिनचूक आलं.

ते खरं होतं का? कधी वाटतं, होतं. दमलेला माणूस विसरतो. कधी वाटतं, मी कठडा वर केला नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. 'आ'ची चूक अजाणता झाली यावर मी शपथ घेईन. 'नांउ मे लेंब्रु'वर घेणार नाही. म्हणून मी क्रियापदापाशी थांबते. कोण उठलं, कुणी उठवलं, लागलं की लागू दिलं, हे आधी स्वतःशी ठरवते, मग बोलते. वेळ लागतो. लागू दे.

पोर्तुगीजमध्ये पश्चात्तापाचं क्रियापद शेपटाशिवाय येतच नाही: आरेपेंदेर-से. मैत्रिणीचा नंबर माझ्याकडे अजून आहे. 'आरेपेंदु-मे द' एवढं मी अनेकदा लिहिलं आहे. त्या 'द'नंतर कशाचा पश्चात्ताप ते लिहावं लागतं. वहीतल्या वाक्याचा, की कठड्याचा? दोन्ही लिहून बघितलं आहे. अजून पाठवलेलं नाही.