आठ वाजताचं रक्त

पुतण्याच्या टेबलावर दुपारी लॅबची चिठ्ठी दिसली. कॉर्टिसोल, सकाळी ८. खाली टेस्टोस्टेरॉन, १० च्या आत. पहिलं ताणाचं हार्मोन, दुसरं पुरुषी. पोरगा २२ वर्षांचा, धडधाकट. जिममध्ये कुणीतरी म्हणालं म्हणून गंगापूर रोडला जाऊन रक्त देऊन आला. म्हटलं, संध्याकाळी निवांत जायचंस. "काका, संध्याकाळी आकडा उतरतो."

खरंच उतरतो. तरुण पुरुषात टेस्टोस्टेरॉन सकाळी भरात असतं, संध्याकाळपर्यंत पाचवा-चौथा हिस्सा कमी. कॉर्टिसोल तर मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, मग पहाटेपासून चढत जातं आणि डोळे उघडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी. म्हणजे आपण उठतो त्याआधी आत कुणीतरी बंब पेटवलेला असतो.

मला बाबांची थर्ड शिफ्ट आठवली.

सातपूरच्या कारखान्यातून ते साडेसातला पंचवटीत घरी यायचे. त्र्यंबक रोडने सायकल, हँडलला रिकामा डबा, ऊन थेट तोंडावर. भाकरी खाऊन आडवे व्हायचे. आई खिडकीला जाड चादर बांधायची. त्या आठवड्यात कुकर बंद, शिट्टी होते म्हणून. डाळ पातेल्यात शिजायची, आणि ती कधी धड शिजायची नाही. आम्ही गोट्यासुद्धा गोधडीवर खेळायचो. तरी दहाच्या आत बाबा लाल डोळ्यांनी दारात. "कोण ओरडलं?" कुणीच ओरडलेलं नसायचं. धपाटा मात्र ठरलेला, बहुतेक माझ्याच पाठीत.

हा चढउतार ठरवणारं मेंदूतलं घड्याळ उजेडावर जुळतं, आठवडाभराच्या रात्रपाळीला फारसं दाद देत नाही. बाबा उशीवर डोकं टेकायचे तेव्हा कॉर्टिसोल ऐन माथ्यावर, त्यात वाटभर सकाळचं ऊन डोळ्यांत घेतलेलं. (कॉर्टिसोल म्हणजे राग नव्हे, हे पुतण्याने दोनदा बजावलं. असेल. धपाटा त्याने खाल्लेला नाही.) बाबा तेव्हा ३१ चे होते. माझ्या डोळ्यांपुढे ते कधी तरुण आलेच नव्हते.

पुतण्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. बाबा आता ७९ चे. पहाटे चारला उठतात, अंधारातच चहा टाकतात, आणि आमची झोप मोडू नये म्हणून कपबशी टॉवेलवर ठेवतात. मग खोकतात, आणि घर जागं होतं.