तुम्ही विचारलंत म्हणून: वाडा बिल्डरला का देत नाही?

लग्नाकार्यात भेटणारे निम्मे लोक मला हेच विचारतात. "शनिवारवाड्याच्या हाकेवर जागा, तीही स्वतःची! देऊन मोकळे का होत नाही?" विचारणारे बहुतेक कोथरूड-बाणेरचे असतात आणि त्यांना वाटतं, आमच्यात भाऊबंदकी असणार. आहे, नाही असं नाही. चार वाटे आहेत, वर दोन भाडेकरू. पण त्या सगळ्यांच्या सह्या मी एका कागदावर मिळवल्या होत्या (पेठेत राहणाऱ्याला त्यातले कष्ट कळतील). तो कागद कपाटात आहे. आमचं घोडं अडलं ते टेपवर.

शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनं अशा स्मारकांभोवतीचे १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित ठरले, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी काढून बांधायचे. तरी मधली काही वर्षं १०० मीटरच्या आतही तज्ज्ञांच्या समितीमार्फत परवानगी निघायची. २०१० साली संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि तीही वाट बुजली. हे १०० मीटर संरक्षित हद्दीपासून मोजतात, दिल्ली दरवाजापासून नव्हे, हे आम्हाला टेप धरून आलेल्या माणसानं सांगितलं. आम्ही आत पडलो. गल्लीच्या पलीकडचे बाहेर. त्यांच्या वाड्याच्या जागी आता लिफ्टची इमारत आहे आणि तिथल्या काकू गच्चीतून आमची कौलं मोजू शकतात.

गैरसमज नको. शनिवारवाड्याच्या डोक्यावर टॉवर मलाही नको. १७३० साली पाया घातलेल्या त्या वाड्याचं आतलं वैभव १८२८ च्या आगीत गेलं. तटबंदी, बुरूज आणि जोती उरली, ती तरी मोकळ्या आभाळाखाली दिसू देत. पण आम्ही मागतोय काय? दोन मजल्यांच्या जागी दोनच मजले, फक्त उभे राहतील असे. या १०० मीटरच्या आत दोन मजले आणि वीस मजले यांत कायद्याला फरक नाही. कंपासनं वर्तुळ मारलं आणि आत माणसं राहतात हे विसरून गेले, असं माझं मत आहे.

"मग दुरुस्ती करा की!" हा पुढचा प्रश्न. १९९२ पूर्वीच्या घरांना परवानगी काढून दुरुस्ती करता येते, खरं आहे. मी सुताराला आणलं. त्यानं मधल्या खोलीतल्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं. दांड्यापर्यंत आत गेला. बाहेर आला तो ओल्या भुश्श्यासकट. "तुळई बदलायची तर भिंत उतरवावी लागेल," तो म्हणाला. भिंत मातीची, दीड हात जाड, ती उतरवली की वरचा कडीपाट (लाकूड-मातीचं छत) आला, माडी आली. आणि तेवढं सगळं उतरवून पुन्हा चढवलं, तर कागदावर त्याला दुरुस्ती कोण म्हणेल?

दर पावसाळ्याच्या तोंडावर मात्र एक नोटीस न चुकता येते: वास्तू धोकादायक आहे, जीवित व वित्तहानी झाल्यास जबाबदारी तुमची. म्हणजे एका कचेरीच्या मते वाडा पडेल, दुसरीच्या मते पाडता येणार नाही. दोघींचे शिक्के गोल.

पेठेत विकास झालाच नाही असं नाही हं. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते. कसबा पेठ स्टेशनवरून मंडई एकच स्टेशन. स्टेशनातले सरकते जिने, गार हवा, सगळं झकास. मी वापरतो आणि खूश आहे. घरी येऊन ताडपत्रीची दोरी आवळतो, कारण मंगलोरी कौलं बदलूनही वळचणीला गळतंच. गणपतीत ढोल सुरू झाले की कडीपाटातली माती चहात पडते, म्हणून ते दहा दिवस कपांवर बशा.

तर सध्या मधल्या खोलीत दोन लोखंडी टेकू आहेत. टेकूला परवानगी लागते का, हे मी मुद्दामच विचारलेलं नाही. एकावर कॅलेंडर लावलंय. गेल्या गणपतीत बाणेरच्या वहिनी दर्शनाला आल्या, त्या दुसऱ्याला पाठ टेकून बसल्या आणि आरती व्हायच्या आतच म्हणाल्या, "भाऊजी, एवढी मोक्याची जागा..."