मोर्चा काढून काय होतं?

मोर्चामुळे सगळ्या गाड्या अडकल्या होत्या आणि शेजारचा स्कूटरवाला हॉर्न दाबत म्हणाला, "काय फरक पडतो यांनी ओरडून? काम नाही धंदा नाही."

समोरून एक बाई चालल्या होत्या, हातात पुठ्ठ्याचा फलक, सुरुवातीची अक्षरं मोठ्ठी आणि शेवटी जागा संपल्यामुळे एकमेकांना चिकटलेली. घरी बसून स्वतःच लिहिला असणार. दिवसाचा पगार बुडवून आलेल्या माणसाला आपण बिनकामाचा म्हणतो, हे दिवसभर खुपत राहिलं.

सगळे संप जिंकत नाहीत, मान्य. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप घ्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि कित्येकांना परत कामच मिळालं नाही, संसार उद्ध्वस्त झाले. पण १९५५ मध्ये अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय लोकांनी, बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागायची म्हणून, सिटी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस, कुणी पायी कुणी एकमेकांच्या गाडीतून कामाला गेले, आणि कोर्टाच्या निकालानंतर बसमधला तो भेदभाव बंद झाला. मध्येच, दोनशेव्या दिवशी कुणी "काय फरक पडला" विचारलं असतं तर काय सांगणार होते ते?

मला तरी वाटतं की फरक पडेल की नाही हे बरंचसं बाजूला उभ्या असलेल्यांवर असतं. ते नुसतेच वैतागले तर संप एकटा पडतो.

आणि आठ तासांची ड्युटी, जी आपण सगळे हक्काने मागतो, तिच्यासाठी १८८६ मध्ये शिकागोत लोक संपावर गेले होते, तेव्हाही कुणीतरी असंच म्हणालं असेल ना?