आत्याचा मान

रविवार, रात्री पावणेबारा

आज दादाच्या लेकीचं बारसं झालं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झाल्यावर मी पाळण्यात वाकून तिच्या कानात 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं, आणि लगेच पाठीत धपाधप बुक्के बसले. पाठ अजून हुळहुळतेय.

झोप येत नाहीये. सकाळपासून डोक्यात कनेला माणसं आहेत. ब्राझीलच्या मारान्याओ राज्यात, ॲमेझॉनचं जंगल विरळ होत माळरान लागतं तिथली. त्यांच्यात मुलाला नाव मामाच्या नात्यातून येतं, मुलीला आत्याच्या. नवं शोधलेलं नव्हे, देणाऱ्याचं स्वतःचंच. आणि पुरुषाच्या नावावरून गावाच्या मधल्या चौकात तो कुठल्या गटात बसणार तेही ठरतं. मी मात्र दादा-वहिनीने महिनाभर आधी ठरवलेलं नाव फक्त कानात पोचवलं.

कनेलांचं जगणं ज्याने बारकाईने लिहून ठेवलं, त्या कुर्ट निमुएन्दाजूला तरी नाव कुठे घरून मिळालं होतं! म्हणजे मिळालं होतं: उंकेल. १८८३ मध्ये जर्मनीतल्या येनात जन्म, आईबाप लहानपणीच गेले, पुढे भिंगांच्या कारखान्यात नोकरी. विद्यापीठात कधी शिकला नाही. १९०३ मध्ये ब्राझीलला आला आणि १९०६ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या आपापोकुवा गुआरानी जमातीने त्याला विधिपूर्वक आपल्यात घेतलं. निमुएन्दाजू, म्हणजे आपलं घर आपण केलेला. पोरक्या मुलाला असं नाव द्यायचं कुणाला सुचलं असेल? १९२२ मध्ये ब्राझीलचा नागरिक होताना त्याने हेच आडनाव लावलं.

पुढे उत्तर ब्राझीलमधल्या बेलेम शहरात बिऱ्हाड, पण जीव सगळा वस्त्यांमध्ये. १९२९ ते १९३६ या काळात कनेलांकडे तो सहा वेळा राहायला गेला. त्यांनीही त्याला नात्यात घेतलं. असं नातं लागलं की पाहुणेपण संपतं, घरच्या माणसासारखं देणंघेणं सांभाळावं लागतं. मला हे त्याच्या सगळ्या अभ्यासापेक्षा मोठं वाटतं. डिसेंबर १९४५ मध्ये सोलिमोइस नदीकाठच्या टिकुनांकडे गेला असताना तो तिथेच वारला.

त्याचे कागद रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात होते. २ सप्टेंबर २०१८ च्या आगीत ते जळाले. ती बातमी वाचली तेव्हा मी खरंच रडले होते. त्याने हाताने काढलेला मोठा नकाशा, जवळजवळ चौदाशे जमातींची नावं असलेला, त्याची एक प्रत बेलेमला आहे म्हणून तो तरी शिल्लक राहिला.

आपल्याकडे पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं, असं चालतंच. कागदावर दादा-वहिनीने ठेवलेलं राहू दे. उद्या वहिनीला विचारणार आहे, घरात मी बाळाला माझ्या नावाने हाक मारली तर चालेल का.