मे महिन्यात फुगलेलं दार

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागून दोनच दिवस झाले होते. सकाळी साडेनऊला नागपूरच्या महाल भागातून फोन आला. "भाऊ, आतल्या खोलीचं दार फसलं जी, आणि आई आत आहे." पावसाळ्यात असे फोन रोजचेच. पण नागपुरात मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना, लाकूड सुकतं आणि फटी पडतात. या दिवसांत दार फुगल्याची तक्रार सहसा येत नाही. म्हणून पेटीत हत्यारांबरोबर लाकडातला ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटरही टाकलं.

पोचलो तेव्हा दाराला दोन लाथा बसून गेल्या होत्या आणि मधल्या फळीला वीतभर उभी चीर पडली होती. अडकलेल्या दाराच्या मधोमध कधी जोर लावू नये. तिथे फळी वाकते, फाटते, आणि जिथे अडकलंय तिथपर्यंत जोर पोचतच नाही. आजींना आधी कूलर बंद करायला आणि दारापासून लांब पलंगावर बसायला सांगितलं.

मग जाड कागदाची एक पट्टी दार आणि चौकटीच्या मधल्या फटीत वरून खाली सरकवत नेली. बिजागरीच्या बाजूला ती सगळीकडे कशीबशी जात होती. कडीच्या बाजूला मुठीपर्यंत गेली, तिथून खाली साधारण चौदा इंच अजिबात शिरेना, पुढे पुन्हा मोकळी. म्हणजे दार सगळीकडून नाही, चौदा इंचांत धरलेलं. त्याच पट्ट्यात, अगदी कडेलगत, फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा टेकवला आणि त्यावर लाकडी हातोड्याने आखूड ठोके दिले. आधी पट्ट्याच्या वरच्या टोकाला, मग खालच्या, मग मध्ये. आठव्या-नवव्या ठोक्याला दार आत सुटलं. आतून आवाज आला, "हाव, उघडलं बाप्पा!" कडेला मेणबत्ती घासली, दार उघडंच ठेवलं आणि मग नीट पाहायला घेतलं.

दार घरमालकांनी स्वतः जानेवारीत केलेलं. आजोबांच्या वाड्यातल्या सागाच्या पाच फळ्या, प्रत्येकी सहा इंच रुंद, सव्वा इंच जाड. फळ्या गोंदाने एकमेकींना चिकटवून एक अखंड पल्ला, हॉलच्या बाजूने तीन आडव्या पट्ट्या, त्याही गोंद आणि स्क्रूने पक्क्या. कष्ट मनापासून घेतलेले दिसत होते. रेषा जुळवलेल्या, हॉलच्या बाजूला पीयू पॉलिशचे तीन हात. मेच्या सुरुवातीला दार घासायला लागलं तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिक रंधा आणून कडीच्या बाजूने २ मिमी काढलं. तीन आठवड्यांत दार पुन्हा अडकलं, आणि या खेपेला पक्कं. त्यामुळे मी पोचलो तेव्हा रंधा पुन्हा तयारच ठेवलेला होता. तो आधी बाजूला ठेवायला लावला.

मीटरच्या दोन सुया खोलीच्या बाजूने फळीत टोचल्या: १६ टक्के. हॉलच्या बाजूने: १२. गच्चीवरच्या खोलीत याच लाकडाच्या उरलेल्या फळ्या पडून होत्या, त्या भरल्या ६. एकाच वाड्याचं, एकाच वयाचं लाकूड, आणि फरक दहा टक्क्यांचा. तो फरक पाडणारा कूलर समोरच खिडकीत होता आणि त्याचा झोत थेट दारावर. एप्रिलपासून तो रात्रंदिवस चालू, दुसरी खिडकी उन्हाच्या भीतीने कायम बंद. कूलरची ओली हवा बाहेर पडायला वाट नसली की दोन गोष्टी होतात: खोली धड थंड होत नाही, आणि आतलं लाकूड मे महिन्यात श्रावण भोगतं. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाकडाचा ओलावा चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरतो. या खोलीत तो ऑगस्टएवढा चढला होता.

"पण साग आहे, आणि ऐंशी वर्षांचा आहे. तो कसा फुगेल?" घरमालकांचा प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी होता, कारण ही समजूत चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांचीही असते. बल्लारशाहचा साग २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, इतका तो नावाजलेला. इतर लाकडांपेक्षा तो कमी हलतो, म्हणजे कमी फुगतो-आकसतो, वाळवीला दाद देत नाही, हे खरंच. पण हलतो. वय वाढल्याने लाकूड पाणी प्यायचं सोडत नाही. ओलावा एक टक्क्याने वाढला की सागाची फळी रुंदीत ०.१ ते ०.१८ टक्के वाढते. फळी खोडातून कशी कापली आहे त्यावर आकडा ठरतो. लांबीत ती जवळजवळ वाढतच नाही, आणि सगळी गोम त्यातच आहे.

त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. पल्ला ७६० मिमी रुंद. जानेवारीत ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास धरला, आता सरासरी १४. पाच टक्के गुणिले ०.१५, म्हणजे पाऊण टक्का, म्हणजे साडेपाच-पावणेसहा मिमी. फट त्यांनी दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी ठेवली होती, त्यात रंध्याने काढलेले २ मिळवले तरी पाचच. दार अडकणारच होतं. मे टळला असता तर ऑगस्टमध्ये अडकलं असतं.

रंध्याने आणखी एक नुकसान केलं होतं. पॉलिश निघालेली कड तशीच उघडी ठेवलेली. दमट हवेत उघडी कड सर्वांत आधी फुगते. खोलीच्या बाजूला पॉलिशचा एकही हात नव्हता आणि हॉलच्या बाजूला तीन, त्यामुळे एका अंगाने आत शिरलेला ओलावा दुसऱ्या अंगाने बाहेर पडू शकत नव्हता. आडवी पट्टी लावून पाहिलं तर पल्ल्याला खोलीच्या बाजूने ४ मिमीचा फुगवटा. ओलं अंग फुगतं आणि बाहेर येतं. आडव्या पट्ट्यांत प्रत्येक फळीला शेजारी-शेजारी, चार इंच अंतरावर दोन स्क्रू होते. फळीला आडवं वाढायचं, पट्टी लांबीत तसूभर हलत नाही. वरच्या पट्टीचा गोंद सुटलेला होता आणि स्क्रू तिरके झालेले. स्क्रू लोखंडी, त्यांच्याभोवती काळे डाग.

तेव्हा रंधा मारून हे दार बरं होणार नव्हतं. या ऋतूच्या मापाने छिललं की जानेवारीत बोटभर फट दिसणार. फुगणं थांबवता येत नाही, त्याला फळ्यांच्या मध्ये जागा द्यायची असते.

पल्ला उतरवला. पट्ट्या सोडवल्या आणि सगळ्या फळ्यांवरून लोहचुंबक फिरवलं, कारण वाड्याच्या लाकडात मोडलेले खिळे हमखास असतात आणि एक खिळा कार्बाइडच्या पात्याचे दात उडवतो. इथे दोन निघाले. मग गोंदाच्या चार जोडांवरून पल्ला उभा चिरला. आतून ताण असलेलं लाकूड चिरताना काप मागे मिटतो, पातं पकडतो आणि फळी अंगावर फेकतो. टेबल सॉवर पात्यामागचा, काप उघडा धरणारा फाळ काढून ठेवायची वाईट सवय अनेकांना असते. हा फाळ नसेल तर हे काम करूच नये. लाथेने चिरलेल्या फळीत पातळ गोंद सोडून ती शिकंज्यात धरली. सागाच्या तेलामुळे गोंद धरत नाही, म्हणून आधी थिनरने पुसून लगेच.

फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, कूलरपासून लांब रचल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर वरचं अंग भराभर सुकून पिळ पडला असता. दहाव्या दिवशी मीटरने १० दाखवलं.

मग राउटरने, म्हणजे खाच पाडायच्या यंत्राने, प्रत्येक जोडाच्या दोन्ही कडांत ६ मिमी रुंद, ११ मिमी खोल खाच, दोन फेऱ्यांत. खाचेत ६ मिमी प्लायची २० मिमी रुंद पट्टी. ती एकाच फळीला चिकटवायची, दुसऱ्या फळीत मोकळी. दोन फळ्यांमधली फट दीड मिमी, कारण सहा इंची फळी १० टक्क्यांवरून १६ वर गेली की जवळपास तेवढीच वाढते. मापासाठी दोन जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की बरोबर दीड मिमी होतात. पावसाळ्यात, लाकूड आधीच फुगलेलं असताना हे काम केलं तर मात्र एवढी फट ठेवू नका, अर्धा मिमी पुरे.

आडव्या पट्ट्या पुन्हा लावल्या, या वेळी गोंदाशिवाय. मधल्या तीन फळ्यांना मधोमध, एकाखाली एक असे दोन स्टेनलेस स्क्रू, ४५ मिमी लांब, आधी ३ मिमीचं भोक पाडून. एकाखाली एक म्हणजे लाकडाच्या रेषेत, तिथे फळी हलत नाही. कडेच्या दोन फळ्यांना मात्र बाहेरच्या काठाजवळ, म्हणजे त्यांची वाढ आतल्या फटीकडे वळते आणि पल्ल्याची एकूण रुंदी जागची राहते. सोबत तिरक्या पट्ट्याही बसवल्या, खाली बिजागरीकडून वर कडीकडे. उलट बसवल्या तर दार कडीच्या बाजूने लोंबतं.

कापांत १२ आणि कडा साफ करताना २ मिमी गेले होते, चार फटींत ६ परत मिळाले. उरलेल्यासाठी बिजागरीच्या काठाला ६ मिमीची सागाची पट्टी चिकटवली. चौकटीशी फट दोन्ही बाजूंना ३ मिमी. पॉलिश सगळ्या अंगांना सारखं, तीन-तीन हात. खालच्या आणि वरच्या टोकांनाही, कारण पाणी टोकांतूनच सर्वांत जोरात शिरतं. दार लटकवल्यावर खालची कड कोणी पाहत नाही, म्हणून ती आधी रंगवायची.

कूलरचा झोत दारावरून वळवला. समोरची खिडकी चार बोटं उघडी राहील असा अडसर बसवला. आजी म्हणाल्या, खोली आता जास्त गार लागते.

पावसाळ्यात, मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या, आदल्या दिवशी पुन्हा मोजमाप घेतलं. पल्ला १५ टक्के, दोन्ही अंगांनी. फळ्यांमधल्या फटी मिटून पाव-पाव मिमी राहिलेल्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना तीनच.