मुंबई ते न्यूयॉर्क, आईबाबांना घेऊन: अंतर किती, वेळ किती

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किमी. विमान ताशी 900 च्या आसपास जातं, भागाकार केला की 14 तास येतात आणि फॅमिली ग्रुपवर सगळे छातीठोकपणे तेच सांगतात. तो आकडा विसरा. डायरेक्ट फ्लाइटला जाताना 16 तासांच्या आसपास लागतात आणि येताना साडेचौदा-पंधरा, कारण वर 10-11 किमीवर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, त्यात आम्ही गेलो हिवाळ्यात जेव्हा तो सगळ्यात जोरात असतो. समोरच्या स्क्रीनवर हेडविंडचा, म्हणजे तोंडावरच्या वाऱ्याचा आकडा येतो, बाबांनी एकही पिक्चर न लावता तेवढाच बघितला!

शिवाय रस्ता पण सरळ नाही. अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून रशियावरून जाता येत नाही, आपल्या कंपन्यांना एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हद्द बंद झाली, मग वळसा आला. त्यामुळे कोणी त्याआधी जाऊन आलं असेल तर त्यांचे तास धरू नका, तुमच्या तारखेच्या तिकिटावरची वेळ बघा.

दुबईमार्गे गेलं तर अंतर जेमतेम 400-500 किमी वाढतं (आधी 3 तास, मग 14 तास), खरा वेळ खातो तो मधला थांबा. तीन-चार तासांचा असेल तर आईबाबांना मी हेच सुचवेन, पाय मोकळे होतात. मात्र दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, टर्मिनलमधलं चालणंच इतकं असतं.

तारखेचा घोळ सांभाळा. रात्री 2 ची फ्लाइट 12 तारखेची असेल तर घरातून 11 लाच निघायचं. पुण्याहून आम्ही संध्याकाळी सहाला निघालो, घाटात ट्रॅफिक धरून, आणि तिकडे पोचलो तेव्हा तारीख 12 च, सकाळचे साडेसात. घड्याळाचा फरक हिवाळ्यात साडेदहा तास, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. इमिग्रेशनची रांग धरून दार ते दार 26-27 तास पकडा, घ्यायला येणाऱ्यालाही तसंच सांगा नाहीतर तो बिचारा लँडिंगच्या वेळेपासून उभा.

केबिनमधला हवेचा दाब 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसुबाईच्याही वर बसल्यासारखं, आणि हवा कोरडी ठणठणीत. पाणी मागत राहा, दर दोन तासांनी उठा, त्यासाठी मधल्या वाटेकडची (aisle) सीटच घ्या, खिडकीचा मोह सोडा. बीपी-शुगरचं औषध, प्रिस्क्रिप्शन आणि पॉवर बँक हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही. गोळ्या भारताच्या वेळेने घ्यायच्या की तिकडच्या हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच.

खाण्याचं म्हणाल तर ताजी फळं आणि मांस नेऊ नका. चकल्या, लाडू, गोडा मसाला आम्ही नेला, कस्टम्सवाल्याने विचारलं तेव्हा आईने सगळं सांगून टाकलं आणि त्याने जाऊ दिलं. विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगायचं, दंड होतो तो न सांगण्यालाच.