हात नेमका कधी थरथरतो?

बाबांचा उजवा हात थरथरू लागल्यावर आम्ही आधी एमआरआय काढला. तो नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो. चूक तीच. पार्किन्सन या हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजारात साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच दिसतो. पक्षाघाताचा झटका, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी अशी दुसरी कारणं वगळण्यापुरता त्याचा उपयोग. निदान होतं ते हालचाल पाहून.

न्यूरॉलॉजिस्टनी पहिलं विचारलं, हात कधी थरथरतो? उत्तर देता येईना, म्हणून घरी मोबाइलवर व्हिडिओ घेतले: हात मांडीवर सैल सोडून, समोर पसरून, पाण्याचा पेला उचलताना. मांडीवरच्या हाताचा व्हिडिओ घेताना शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावा. लक्ष दुसरीकडे गेलं की लपलेला कंप उघडा पडतो. बाबांचा अंगठा आणि तर्जनी गोळी वळावी तशी एकमेकांवर फिरत होती. पेला उचलताच थांबली. इसेन्शियल ट्रेमर हा हात थरथरण्याचा वेगळा आजार; त्यात याच्या उलट: कामात हात थरथरतो, बहुतेकदा दोन्ही, आणि अनेकदा घराण्यात आणखी कुणाला तरी असतो. हात पसरलेला व्हिडिओ मात्र अर्धा मिनिट तरी चालू ठेवा. पार्किन्सनचा कंप हात पसरल्यावर थांबतो आणि काही सेकंदांनी पुन्हा सुरू होऊ शकतो. घाईत तो निसटतो.

नुसत्या कंपावर पार्किन्सन ठरत नाही, हालचालीत मंदपणा हवाच. डॉक्टरांनी अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली. पहिले चार-पाच ठोके मोठे, मग बोटांतलं अंतर कमी कमी होत गेलं. चालताना उजवा हात झुलत नव्हता. सही बारीक झाली होती, आणि वास येणं तर कधीचंच कमी झालेलं. हे सगळं आम्ही वयावर ढकललं होतं.

मग औषधांची पिशवी उलटी केली. चक्करेच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मळमळीचं मेटोक्लोप्रामाइड, पोटाच्या गोळ्यांतलं लेव्होसल्पिराइड ही औषधं मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या डोपामिन या रसायनाची वाट अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन उभा करू शकतात. बंद केल्यावरही असर ओसरायला महिने लागू शकतात; पण बंद डॉक्टरांना विचारूनच करा. थायरॉइडमुळेही हात थरथरू शकतो, म्हणून तेही तपासलंच. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर विल्सन आजारासाठी (यात शरीरात तांबं साठतं) तांब्याच्या तपासण्या चुकवू नका, कारण तो औषधांनी आटोक्यात येतो.

शेवटी लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत डोपामिन पुरवणारं पार्किन्सनचं औषध, सुरू झालं. प्रथिनं त्याच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. सुरुवातीला मळमळतं. तेव्हा दुकानातून परस्पर मेटोक्लोप्रामाइड आणू नका.